कॅन्सरची औषधं रुग्णाला समजावून सांगायची कोणी, आणि कशी?

मृण्मयी_

आईचं ऑपरेशन झालं आणि आता केमो सुरू आहे, ती गोळ्यांची. कॅपेसिटाबीन. सलाईन नाही, ॲडमिट व्हायला नको, म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. गोळ्यांची पिशवी घरी आल्यावर कळलं की वॉर्डात नर्स जे काम करते ते आता आपल्या गळ्यात आलंय.

पिशवीत दोन पॉवरच्या गोळ्या आहेत, ५०० मिलिग्रॅम आणि १५० मिलिग्रॅम. रंग जवळजवळ एकच. एका वेळेला दोन्ही मिळून घ्यायच्या. १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस थांबायचं, हे डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. चिठ्ठीवर मात्र एवढंच: 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर'. थांबायचं कधी, हे कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा आई मान डोलावत होती. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "तू ऐकलंस ना सगळं?"

डॉक्टर चांगले आहेत, तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. पण इतकं जहाल औषध घरी देताना ते शिकवायचं कोणी? डॉक्टर, नर्स की फार्मासिस्ट? तुम्हाला कोणी, कसं समजावलं? जे यात काम करतात त्यांनीही लिहा. नक्की काय विचारून घ्यायला हवं, ते मला समजून घ्यायचंय.

रानवारा

आम्हाला एक जाडजूड फाईल मिळाली. पान उलटायचं धाडस कोणाला झालं नाही. वाचतोय.

औषधवाली

मृण्मयी, मी कॅन्सर विभागात फार्मासिस्ट आहे. सविस्तर लिहिते.

आधी तातडीचं. कॅलेंडर घ्या. पहिल्या गोळीच्या दिवशी १ लिहा, पुढे १४ पर्यंत आकडे घाला आणि नंतरच्या सात दिवसांवर ठळक फुली मारा. प्रत्येक डोस घेतल्यावर टिक. ५०० च्या किती आणि १५० च्या किती, हे सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं लिहा. मग ते कॅलेंडर फार्मासिस्टकडून किंवा नर्सकडून तपासून घ्या. फोटो पाठवून चालत असेल तर आजच पाठवा.

ही गोळी जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्यायची. सगळ्याच कॅन्सरच्या गोळ्यांना हा नियम लागू नाही. ॲबिराटेरॉन उपाशीपोटी घ्यायचं असतं, कारण अन्नाबरोबर घेतलं तर ते शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं. नायलोटिनिबचंही तसंच. इमॅटिनिब मात्र जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी घेऊन. 'कॅन्सरची गोळी जेवणानंतरच' असं कुणी सरसकट सांगितलं तर ऐकू नका.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी लगेच दुसरी नाही, फोन करून विचारायचं. गोळी तोडायची नाही, कुटायची नाही. आईंच्या हातात गोळी दुसरं कोणी देत असेल तर त्याने हातमोजे घालावेत. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. आई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर हे वाचून होताच डॉक्टरांना कळवा. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते औषध शिकवून झालं हे रुग्ण स्वतःच्या तोंडून परत सांगतो तेव्हाच. "समजलं का?" या प्रश्नाला जगात सगळे "हो" म्हणतात. मी विचारते, "घरी गेल्यावर मुलीला हे कसं सांगाल? मला सांगून दाखवा, म्हणजे माझं सांगणं नीट झालं की नाही ते मला कळेल." परीक्षा माझी असते, रुग्णाची नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हणते, नाहीतर माणसं ओशाळतात.

मृण्मयी_

औषधवाली, मनापासून आभार. वॉरफरिन नाहीये. कॅलेंडर आत्ता भिंतीवरून काढलंय.

चार्वाक७

सगळं पटलं तरी थोडा वेगळा सूर लावतो. माहिती कमी मिळते ही एक अडचण, पण ती एकदम अंगावर ओतली जाते ही त्याहून मोठी. निदान कळलं त्याच दिवशी औषधाचं नाव, वेळापत्रक, दुष्परिणामांची यादी, विम्याचे कागद, सगळं एका बैठकीत. माणूस ऐकतोय असं दिसतं, पण तो 'मी जगणार का' यातच अडकलेला असतो. रुग्णांच्या स्मरणशक्तीवर २००३ सालचा एक लेख आहे. वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग माणूस लगेच विसरतो आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं, असं त्यात मांडलंय. मग दहा मुद्दे सांगून काय साधणार?

शिवाय दुष्परिणामांची लांबलचक यादी वाचून माझ्या मेहुण्याने पहिले काही दिवस झोपच घेतली नाही. त्यातलं निम्मंअधिक त्याला कधी झालंच नाही.

दिवसपाळी

चार्वाकदादा, मी डे-केअरमध्ये केमो देते. नर्स आहे. तुमचं म्हणणं आम्ही रोज बघतो. म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त तीनच गोष्टी सांगते. ताप आला तर काय, उलट्या थांबत नसतील तर काय, आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा. बाकी सगळं नंतर. दोन-तीन दिवसांनी आमच्याकडून फोन जातो, तेव्हा लोक खरे प्रश्न विचारतात, कारण तोवर औषध अंगात गेलेलं असतं.

तापाचं इथेही सांगते, कारण यात जीव जातो. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, इतका ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. रुग्णाला बरं वाटत असलं तरी नाही. आधी तापाची गोळी देऊन बघू, असं करायचं नाही, कारण ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. आधी मोजा, मग फोन करा. हॉस्पिटलात गेल्यावर दारातच सांगा, "केमो चालू आहे आणि ताप आहे." या एका वाक्याने रांग बदलते.

थर्मामीटर घरात आहे का, तो चालतो का, आणि वाचता येतो का, हे मी तिन्ही विचारते. बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडते. मग तिथेच काढून वाचायला लावते.

नीलपक्षी

दिवसपाळीताई, तुमच्यासारख्याच एका सिस्टरने आमच्या बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं की डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, ते रक्त नाही, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा बाथरूममधून अख्ख्या घराला ऐकू जाईल असे ओरडले, "सिस्टर बरोबर होत्या! लाल आली!" आम्ही सगळे झोपेतून उठून हसत होतो. त्या आजारपणात मनमोकळं हसू आलेली ती पहिली सकाळ.

तेव्हापासून त्या सिस्टर जे सांगतील ते बाबांसाठी ब्रह्मवाक्य.

औषधवाली

नीलपक्षी, किती छान! आधी सांगितलेली एक गोष्ट खरी ठरली की पुढच्या दहा गोष्टींवर विश्वास बसतो. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाचंही असंच. थंड पाणी प्यायलं की घशात आवळल्यासारखं होतं, फ्रिजमधल्या वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. आधी सांगितलं असेल तर माणूस कोमट पाणी पितो. सांगितलं नसेल तर श्वास बंद होतोय असं वाटून घाबरागुबरा होतो.

सांजवात

मी स्वतः पेशंट. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू आहे, पाच वर्षं घ्यायचीय, कदाचित दहा. केमोच्या वेळी माझ्याभोवती माणसंच माणसं होती, सगळे सगळं समजावत होते. ती संपली आणि ही छोटीशी गोळी हातात देऊन मला घरी पाठवलं. "रोज एक घ्या." बस्स. का घ्यायची, हे दीड वाक्यात संपलं.

मग रात्री घाम, अंगातून वाफा, चिडचिड. कॅन्सर तर काढून टाकलाय, मग हे कशासाठी सोसायचं, असं मनात यायचं. गोळी बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात फॉलोअपला एका नर्सने खुर्ची ओढली, समोर बसली आणि कागदावर एक पेशी काढली. पेशीला कुलपाचं भोक काढलं आणि म्हणाली, "इस्ट्रोजेन ही किल्ली. तुमची गोळी या भोकात आधीच जाऊन बसते, मग किल्ली लागत नाही. चुकूनमाकून एखादी पेशी शरीरात राहिली असेल तर तिला हे भोक उघडं मिळू द्यायचं नाही." तो कागद माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

तिनेच विचारलं, झोपेसाठी, मनासाठी काही घेता का? मी पॅरॉक्सेटीन घेत होते, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. टॅमॉक्सिफेनला यकृतात कामाचं रूप मिळतं ते एका एन्झाइममुळे, आणि पॅरॉक्सेटीन नेमकं तेच एन्झाइम अडवते. डॉक्टरांनी ती बदलून दुसरी दिली. हे ना मला माहीत होतं, ना त्या दुसऱ्या डॉक्टरांना मी टॅमॉक्सिफेन घेते हे माहीत होतं.

रानवारा

सांजवात, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. तिचंही टॅमॉक्सिफेन चालू आहे. ती म्हणाली, "मला हे कोणी असं काढून दाखवलंच नाही." आज कागद आम्हीच काढला.

प्रतीक्षालय

मी ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सर विभागात, शिकाऊ डॉक्टर आहे. आमची बाजू मांडू का? ओपीडीत बाहेर रांग असते. त्या वेळात निदान, रिपोर्ट, पुढचा प्लॅन, नातेवाइकांचे प्रश्न. औषध समजावणं शेवटी राहतं आणि शेवटचं ते कापलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं, पण नुसतं वाईट वाटून उपयोग नाही.

आणखी एक अडचण मी रोज बघतो. डॉक्टर एक सांगतात, नर्स दुसरं, फार्मासिस्ट तिसरं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण रुग्णाला ते परस्परविरुद्ध वाटतं आणि मग तो कोणाचंच ऐकत नाही. आमच्या विभागात आता प्रत्येक औषधाचा एकच कागद आहे. तिघंही तोच समोर ठेवून बोलतात आणि काय सांगून झालं त्यावर खूण करतात. पुढचा माणूस तिथून पुढे सुरू करतो. तोंडाने घ्यायच्या कॅन्सर औषधांसाठी 'मॅस्क' या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक प्रश्नावली केलेली आहे, आमचा कागद त्यावरूनच बेतलाय. तिची सुरुवात माहितीने होत नाही, प्रश्नांनी होते: तुम्हाला या औषधाबद्दल काय सांगितलंय? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? गोळी गिळता येते का? चिठ्ठीवरचं वाचता येतं का? आधी कधी गोळ्या घेताना अडचण आली होती का? उत्तरं ऐकली की काय शिकवायचं ते आपोआप ठरतं.

त्यामुळे 'कोणी' या प्रश्नाला माझं उत्तर: तिघांनी, पण एका कागदावर.

चार्वाक७

हे आवडलं. मी माझा मुद्दा जरा नेमका करतो. माहिती कमी नको, टप्प्याटप्प्याने हवी.

जुनाजाणता

एक नाजूक विषय. आमच्या घरात वडिलांना कॅन्सर आहे हे सांगायचंच नाही, असं भावंडांनी ठरवलं होतं. गोळ्या 'ताकदीच्या' म्हणून दिल्या जात होत्या. ताकदीची गोळी एखाद्या दिवशी नाही घेतली तर काय बिघडतं, या हिशेबाने बाबा ती मधूनमधून सोडत. त्यांची चूक नव्हतीच. हे पाप कोणाच्या पदरात घालायचं?

दिवसपाळी

जुनाजाणता काका, पाप म्हणू नका, प्रेमापोटीच होतं ते. पण मी नातेवाइकांना स्पष्ट सांगते की आजाराचं नाव लपवून औषध शिकवता येत नाही. ताप आला तर तासाभरात या, हे मी 'ताकदीच्या गोळी'बद्दल कसं सांगू? मी रुग्णाला एकट्याला विचारते, "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?" बहुतेकांना अंदाज असतोच. कोणी म्हणालं की "मुलाला सांगा, मला नको", तर तोही त्यांचा हक्क. मात्र ते त्यांच्या तोंडून आलेलं हवं.

नीलपक्षी

इथे मी थोडी असहमत. काही माणसं खरंच खचतात. माझी आजी खचली असती.

दिवसपाळी

मान्य. म्हणूनच आधी विचारायचं. सगळ्यांना सांगायचं असाही नियम नको आणि कोणालाच सांगायचं नाही असाही नको.

एकेक_पाऊल

डोस सोडण्यावरून लिहितो. मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे, इमॅटिनिबवर आहे. माझ्या डॉक्टरांनी मला लंडनचा २०१० सालचा एक अभ्यास सांगितला होता. रुग्ण ८७, बाटलीच्या झाकणातच चिप, त्यामुळे बाटली कधी उघडली ते नोंदलं जायचं. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त डोस घेतले त्यांच्यात सहा वर्षांत रोग खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता ९४.५ टक्के, आणि ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतले त्यांच्यात २८.४ टक्के. महिन्यातून तीन गोळ्या चुकल्या की आपण त्या सीमेवर. हा हिशोब कळल्यावर मला कोणी आठवण करावी लागली नाही. 'गोळी चुकवू नका' हे वाक्य याआधी सगळ्यांनीच ऐकवलं होतं, पण का ते त्या आकड्यांनी सांगितलं.

सोनचाफा

माझा प्रश्न जरा वेगळा. केमोसोबत लोक जे काढे, अर्क, पावडरी घेतात त्याचं काय? आमच्या काकूने डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण आधी एकदा सांगितलं तेव्हा त्या बोलणी खाऊन आल्या होत्या.

औषधवाली

बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी माणूस लपवतो, आणि लपवलेलं जास्त घातक. "काही घेत नाही ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. मी विचारते, "बरेच जण सोबत काही ना काही घेतात, तुम्ही काय घेता? डब्या घेऊन या." नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इमॅटिनिबसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण खाली आणते, ग्रेपफ्रूट काही औषधांचं वर चढवतं. साध्या ॲसिडिटीच्या गोळीनेही डासाटिनिब, एर्लोटिनिब नीट शोषले जात नाहीत. म्हणून काकूंना सांगा, डब्या पिशवीत भरून न्या आणि टेबलावर मांडा.

जुनाजाणता

आणि मॉर्फिनबद्दल कोणीतरी लिहा. बाबा दुखणं सोसत बसायचे, "त्याची सवय लागते" म्हणून.

प्रतीक्षालय

काका, ही भीती घरोघरी आहे. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करतात. आणि मॉर्फिन म्हणजे आता शेवट जवळ आला, हाही गैरसमज. घड्याळ लावून ठरावीक वेळी घ्यायचं, दुखणं वाढायची वाट बघायची नाही. मधेच कळ आली तर जादा डोस कोणता, हे लिहून घ्यायचं. बद्धकोष्ठ जवळजवळ सगळ्यांना होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ते दिलं नसेल तर मागून घ्या.

एकेक_पाऊल

रुग्णाला माहिती हवी याचं आणखी एक कारण. बोस्टनमध्ये १९९४ साली बेट्सी लेहमन या आरोग्यविषयक लिहिणाऱ्या पत्रकाराचा मृत्यू झाला. सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा जो डोस चार दिवसांत मिळून द्यायचा होता, तेवढा रोज दिला गेला, चार दिवस. नावाजलेल्या कॅन्सर संस्थेत. चूक लक्षात आली ती पुढच्या वर्षी, नोंदी तपासताना. पुढे तिथे औषधांच्या तपासणीची पद्धत बरीच बदलली. अशा चुकीची जबाबदारी रुग्णावर टाकायची नाही, ती यंत्रणेचीच. पण स्वतःचा डोस आणि वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे तो "आज एवढं का?" असं विचारू शकतो, आणि तसं विचारल्यावर कोणी वैतागता कामा नये.

औषधवाली

अगदी. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांचंही तेच. काही आजारांत त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात, आणि चुकून रोज घेतल्याने मृत्यू झालेले आहेत. चिठ्ठीवर वाराचं नाव लिहिल्याशिवाय मी त्या देत नाही.

प्रतीक्षालय

एकदा सांगून थांबू नये, याला पुरावाही आहे. २०१७ साली न्यूयॉर्कमधला ७६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो चालू असताना एका गटाने आपली लक्षणं ऑनलाइन नियमित कळवली, त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी देखभाल. कळवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६. कोणतंही नवं औषध नाही, फक्त त्रास वेळेवर कळला आणि त्यावर कोणीतरी लगेच काही केलं.

मृण्मयी_

सगळ्यांचे किती आभार मानू. आज आईला घेऊन फार्मसीत गेले. कॅलेंडर दाखवलं. तिथल्या ताईंनी ते तपासलं, चिठ्ठीवर सुरू आणि बंद करायच्या तारखा स्वतः लिहून दिल्या. मग मी आईलाच सांगायला लावलं. आधी माझ्याकडे बघितलं तिने, मी गप्प राहिले. मग तिने सगळं सांगितलं, अगदी "ताप आला तर आधी मोजायचा" हेसुद्धा. फक्त जुलाबांचं तिला नीट सांगता आलं नाही, आणि तेव्हा कळलं की ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. गर्दी होती, परत थांबता आलं नाही. इथे कोणी सांगेल का? आणि तळहात लाल व्हायला लागलेत, ते चालतं का?

औषधवाली

मृण्मयी, नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि लगेच फोन. तोंड इतकं आलं की खाता येत नाही, तरी तेच. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच हे सगळं जोरात सुरू झालं तर अजिबात थांबू नका. काही जणांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून त्याची चाचणी आधी करावी अशी शिफारस केली आहे. आईंची ती झाली आहे का, हेही विचारा.

हात नुसते लाल असतील, दुखत नसतील, तर युरिया असलेलं क्रीम लावा, गरम पाणी आणि घट्ट चपला टाळा. पण हे आजच कळवा, उद्यावर टाकू नका. दुखायला लागले, सुजले, कातडी सुटायला लागली तर गोळी थांबवून फोन. डोस कमी करता येतो. 'त्रास सांगितला तर औषध बंद करतील' या भीतीने आई गप्प बसत नाहीत ना, ते मात्र तुम्ही बघा.

दिवसपाळी

आणि शेवटी गोळ्या उरल्या तर कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये नाही हं, फार्मसीत परत. मृण्मयी, फोन लागला का?

मृण्मयी_

लागला. सिस्टरनी हाताचे फोटो मागवलेत, डीपीडीचं डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाल्या. फोनवर आई स्वतः बोलली.